सुभेदारकाका आणि आमची मचूळ विहीर

सुभेदारकाका ज्या वाटेने गेले त्या वाटेने कधी परत आले नाहीत. दूध आणायला देवळावरून गेले तर येताना केळीच्या बांधावरून येत. बांधावर घोट्याएवढा चिखल असला तरी तिथूनच. सासूबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "अहो सुभेदार, इथे वटार गावात तुम्हाला धरायला कोण बसलंय?"

"कोणी नाही बसलं, आक्का," काका म्हणाले. "म्हणून तर सवय ठेवायची. जो बसतो तो सांगून बसत नाही."

ते साताऱ्याकडचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आले होते. बायको वारलेली. मुलगी शुभांगी वसईच्या एका शाळेत शिक्षिका लागली, म्हणून दोघांनी आमची पडवीकडची खोली भाड्याने घेतली. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. त्या हाताने ते चहाचा पांढरा पत्र्याचा मग धरायचे, आणि तो कधी हलायचा नाही. मी जुनी चौथी शिकलेली. लहानपणापासून परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. पहिलं वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नसेन. चहा उंबऱ्यावर ठेवायची आणि कडी वाजवून निघून यायची. त्यांनीही कधी हाक मारली नाही. पत्र्याचा मग मात्र धुऊन, पुसून, उलटा करून उंबऱ्यावर ठेवलेला असायचा.

कुठेही गेले तरी भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून बसत. आमच्याकडच्या सत्यनारायणाला भटजींनी त्यांना पुढे बसायचा आग्रह केला. काका म्हणाले, "देव मला इथूनही दिसतोय, आणि दारही दिसतंय." जेवणाच्या पंगतीत त्यांनी तीनदा जागा बदलली तेव्हा माझे दीर नरेशभावोजी म्हणाले, "काका, ही बासुंदी आहे, बॉम्ब नाही." काका हसले. पण बसले ते कोपऱ्यातच.

त्यांच्याकडे वाळूची एक पाटी होती. जुन्या दाराची फळी, तिला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकलेल्या, आत किनाऱ्यावरची चाळलेली वाळू. कुठलंही काम करायचं तर आधी ते वाळूत मांडायचे. फौजेत लढाईच्या आधी तसंच करतात म्हणे. वाळूचा डोंगर, वाळूची नदी, आणि साहेब काठीने दाखवतो, कोण कुठून जाणार. मी एकदा धीर करून विचारलं, कागदावर का नाही काढत? तर म्हणाले, "कागदावरचा नकाशा साहेबाला कळतो, ताई. वाळूतला सगळ्यांना कळतो. ज्याला पुढे जायचंय त्याला तरी कळायला नको?"

मला तो लगेच कळायचा. वाडी दाखवायला माझ्या रांगोळीच्या डब्यातला हिरवा रंग ते मागून नेत. पाण्याला नीळ. नारळीची झाडं म्हणजे काड्यापेटीच्या काड्या.

शुभांगीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मांडव, आचाऱ्याची चूल, पाण्याची पिंपं, सगळं वाळूत उभं केलं आणि गावच्या कर्त्या पुरुषांना बोलावून काठीने समजावून सांगितलं. लोक पोट धरून हसले. काकांनी हसू दिलं. मग विचारलं, "वऱ्हाडाची बस आली, आणि वळणावर समोरून केळ्यांचा ट्रक आला. पुढे?"

"ट्रक मागे घेईल की!"

"आणि बंद पडला तर?"

लग्नाच्या दिवशी ट्रक खरोखर बंद पडला, त्याच वळणावर, आडवा. बस पलीकडे अडकली. पण काकांनी आठ दिवस आधी सेलिनाबायला विचारून तिच्या वाडीचं मागचं फाटक उघडं ठेवलं होतं. सेलिनाबाय म्हणजे आमच्या पलीकडची, चर्चच्या अंगाला तिची वाडी, तिच्या विहिरीचं पाणी साऱ्या परिसरात गोड. नवरामुलगा, करवल्या, बँडवाले, सगळे तिच्या माडांमधून चालत मांडवात आले. सेलिनाबाय दारात उभी राहून ओरडली, "सुभेदार, लगीन तुमच्यात आणि वरात माझ्या वाडीतून? जेवायला तरी बोलवा!"

"तुमच्या घरातली सात पानं वाळूतच मांडलीत, बाय," काका म्हणाले.

लग्नानंतर शुभांगी नाशिकला गेली. काका आमच्याच खोलीत एकटे राहिले.

त्यानंतर एका उन्हाळ्यात टीव्हीवर रोज लढाई दाखवायला लागले. बर्फातले डोंगर, तोफांच्या ज्वाळा. नरेशभावोजींकडे रंगीत टीव्ही होता, सारं आवाठ, म्हणजे आमची अख्खी आळी, तिथे जमायचं. तोफ उडाली की पोरं टाळ्या वाजवायची. काकांना मुद्दाम बोलावून मध्यभागी खुर्ची दिली. त्यांनी ती उचलून भिंतीला लावली. भावोजींनी विचारलं, "काका, किती दिवसांत घेतील शिखर?"

"त्या मागच्या माणसाकडे बघा," काका म्हणाले. "पाठीवर डबा घेऊन चढतोय तो. पाणी नेतोय. एक डबा पाणी वर नेलं की तेवढ्या वजनाच्या गोळ्या खाली राहतात. वरच्यालाही पाणी लागतं, खालच्यालाही. पाण्याचा हिशेब ज्याला जमेल त्याचं शिखर. बाकी हा सगळा आवाज."

पोरांना ते आवडलं नाही. पाण्याच्या डब्यासाठी कोण टाळ्या वाजवणार? मला मात्र ते लक्षात राहिलं. पुढच्याच उन्हाळ्यात आमच्यावर पाण्याची वेळ आली.

आमच्या शेजारची वाडी रमाकांतशेठने घेतली. त्याचे टँकर होते. तुळिंजला बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, नळाला आठवड्यातून दोनदा पाणी, त्यामुळे टँकरला मागणी होती. त्याने त्या वाडीच्या विहिरीवर मोठी मोटर बसवली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती घरघर चालू असायची. आमच्याकडे विहिरींचं पाणी पोटातून एकच. त्याने गोडं पाणी उपसलं तसं खालून खारं वर आलं. होळीपर्यंत आमचं पाणी मचूळ झालं. गुढीपाडव्याला मोगऱ्याची पानं कडेने करपायला लागली.

आमचे हे मवाळ माणूस. भांडण नको म्हणून एकटेच बोलायला गेले. हातात विकायला न्यायच्या फुलांची टोपली होती, तिथून पुढे बाजारात जायचं होतं. नाक्यावर टँकर उभा होता. रमाकांतशेठ होता, त्याची चार माणसं होती. ह्यांनी हात जोडून सांगितलं, "शेठ, मोटर जरा कमी चालवा, आमची विहीर बिघडलीय. पाणी पाहिजे आम्हाला."

"पाणी पाहिजे ना?" तो म्हणाला. "घ्या."

त्याच्या माणसांनी ह्यांना खांद्यावर दाबून टँकरच्या मागे खाली बसवलं आणि तोटी सोडली. नाक्यावर रिक्षावाले होते, पानवाला होता, गावातल्या बायका होत्या. टँकर अर्धा होईपर्यंत उठू दिलं नाही. चैत्रातलं ऊन, रस्ता सगळा कोरडा, आणि हे डोक्यापासून चिंब होऊन घरी आले. टोपली हातातच होती. मोगरा पाणी पिऊन काळा पडला होता. ओटीवर उभे राहिले, त्यांच्याभोवती ओल पसरत गेली. मी टॉवेल आणला. त्यांनी घेतला नाही.

त्या दिवसापासून हे फाटकाबाहेर गेले नाहीत. फुलं घेऊन तुळिंजच्या बाजारात मला जावं लागलं. जी बाई शेजारणीशी बोलायला लाजायची तिला बाजारात बसावं लागलं. रोज पहाटे गजरे ओवताना मी मनात म्हणायची, ही सुई त्याच्या डोळ्यात. ही पुढची सुई दुसऱ्या डोळ्यात. असे शंभर गजरे व्हायचे.

नरेशभावोजींचं रक्त तर उसळलंच होतं. टँकर जाळायची भाषा चालू होती. काका म्हणाले, "जाळा. तो दुसरा आणेल, आणि तुम्ही आत जाल."

"मग काय आरती ओवाळू?" भावोजी म्हणाले.

जाळला नाही, पण मंगळवारी वळणावर माडाचं खोड आडवं टाकून टँकर अडवला. जमलं. दुसऱ्या मंगळवारी तिथेच अडवला. काका फाटकात उभे राहून म्हणाले, "नरेश, तिसऱ्यांदा त्या जागी जाऊ नका."

"काका, तुमची लढाई वेगळी, आमची वेगळी."

तिसऱ्या मंगळवारी पोलीस आधीच येऊन थांबले होते. झटापटीत कुणीतरी दगड मारला तो ड्रायव्हरच्या कपाळाला लागला. तो ड्रायव्हर परमुलखातला गरीब माणूस होता. आमच्या बायकांनी हात जोडले की तो मोटर थोडी लवकर बंद करायचा. दगड लागल्यावर तो पक्का रमाकांतशेठचा झाला. भावोजींना दिवसभर चौकीत बाकावर बसवून ठेवलं, वर केसही झाली. गावात फूट पडली. अर्धे म्हणाले, नको ती भानगड.

त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन काकांच्या खोलीकडे गेले आणि कडी वाजवून परत फिरले नाही. उंबऱ्यात उभी राहिले. म्हटलं, "काका, मला तो माणूस धुळीला मिळालेला बघायचाय."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पाटी पुढे ओढली, वाळू हाताने सपाट केली आणि म्हणाले, "बसा. राग किती दिवस पुरेल?"

"मरेपर्यंत."

"तसं नाही. राग ही रसद आहे. नरेशने सगळी तीन मंगळवारांत खाल्ली. तुम्ही रोज थोडी खाणार असाल तर पुढचं सांगतो."

मग त्यांनी वाळूत एक डोंगर केला. त्याच्या माथ्यावर काड्या रोवल्या, म्हणजे गाव. पायथ्याला निळीची एक रेघ, म्हणजे ओढा. गावाचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तरुणपणी त्यांची तुकडी त्या डोंगरात होती. समोर शत्रू दिसायचा नाही, गणवेश नाही, ठाणं नाही. त्या गावातले लोक तुकडीशी बरे होते. वाटेत धोका असला तर कडेच्या घरातली एक म्हातारी खोकायची. एवढंच. ती खोकली की हे लोक वाट बदलायचे.

"मग एक दिवस माझा जोडीदार गोळी लागून गेला," काका म्हणाले. "गावापासून लांब. गावाचा काही संबंध नव्हता. पण दुसऱ्या दिवशी झडती होती, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हातारीच्या दारात बांबूची नळकांडी उभी करून ठेवली होती. त्यात पाणी. खालच्या ओढ्यावरून दोन तास चढून आणलेलं. मी बुटाने ती सगळी आडवी केली. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझा मीच."

"मग ती काय बोलली?"

"काही नाही. नळकांडी उभी केली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिने मला चहा दिला, मीठ घातलेला, नेहमीसारखा. सहा महिने देत होती. आणि एक दिवस आम्ही त्या वाटेने गेलो, तेव्हा ती खोकली नाही." त्यांनी डावा हात वाळूवर ठेवला. तीन बोटांचा ठसा उठला. "तिघं गेले. सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी गावातली कोंबडीसुद्धा ओरडली नाही."

मला खरं सांगायचं तर त्या म्हातारीबद्दल बरं वाटलं. काकांच्या माणसांबद्दल वाईट वाटलं, पण आधी म्हातारीबद्दल बरं वाटलं.

"आमच्याकडे बंदुका होत्या, वायरलेस होता, हेलिकॉप्टर होतं," काका म्हणाले. "तिच्याकडे खोकला होता. तो तिने काढून घेतला. रमाकांतकडे टँकर आहे, माणसं आहेत, चौकी आहे. त्यात तुम्ही हात घालू नका. त्याला काय लागतं ते बघा. टँकर कुठे रिकामा होतो? तिथे कोण भरून घेतं? ते लोक त्याच्याबद्दल काय बोलतात?"

"मला विचारता नाही यायचं, काका. मला लाज वाटते."

"म्हणून तर तुम्ही," ते म्हणाले. "विचारणाऱ्याला लोक खोटं सांगतात. लाजणाऱ्या माणसासमोर खरं बोलतात, कारण तो आहे हेच विसरतात."

मग मी ऐकायला लागले. तुळिंजच्या बाजारात माझी बसायची जागा एका किराणा दुकानाच्या पायरीला लागून होती. गजरा घेताना बायका माझ्याशी बोलत नसत, एकमेकींशी बोलत. मी खाली मान घालून दोरा गुंडाळायची. घरी आले की काकांना सांगायची, ते वाळूत काडी रोवायचे. कुठल्या बिल्डिंगीला टँकर कधी येतो, कुठल्या सेक्रेटरीची त्याच्याशी दोस्ती आहे. पंधरा दिवस हे चाललं. काका "हं" म्हणायचे आणि मला वाटायचं, ह्यातून काय होणार?

मग एका सकाळी तीन बायका दुकानदाराशी भांडत आल्या.

"काय डाळ देता हो? सहा शिट्ट्या केल्या तरी टणक!"

"बाई, नवीन मालाची डाळ आहे."

"नवीन? माझ्या नवऱ्याने ताट ढकललं काल. सासू म्हणते, हिला स्वयंपाक येत नाही. गेल्या महिन्यापासून हेच चाललंय."

"आमच्याकडे पण. चहा पण फाटतो कधी कधी."

दुकानदार देवाची शपथ घेत होता. माझ्या हातातली सुई थांबली. आमच्याकडे कुठल्याही पोरीला हे माहीत असतं. विहिरीच्या पाण्याला मीठ चढलं की ते आधी जिभेला कळत नाही, डाळीला कळतं. लग्न ठरवताना सुद्धा आमच्या बायका मुलाच्या घरी डाळ कशी शिजते ते विचारतात. म्हणजे रमाकांतशेठची विहीरही आमच्यासारखीच बिघडली होती, आणि तो तेच पाणी त्या बायकांना गोडं म्हणून विकत होता. त्या बिचाऱ्या वाण्याला शिव्या देत होत्या.

त्या दिवशी अर्धे गजरे तसेच घेऊन मी घरी आले. काकांना सांगितलं. ते उभेच राहिले. म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून टाचा जुळवल्या आणि पत्र्याचा मग माझ्यासमोर चहाने भरला. त्यांनी मला चहा दिला तो तेवढाच.

पुढचं सोपं होतं, फक्त मला बोलावं लागणार होतं. काका म्हणाले, बोलू नका, पाणी द्या. सेलिनाबायची विहीर त्या मोटरपासून लांब, चर्चच्या अंगाला, म्हणून अजून गोडी होती. तिचं पाणी मी बाटल्यांत भरून नेलं. त्या तीन बायकांपैकी जिचं ताट ढकललं गेलं होतं तिने गजरा घेतला तेव्हा तिच्या पिशवीत एक बाटली ठेवली.

"हे काय?"

"ताई, डाळ ह्यात शिजवून बघा," एवढंच म्हटलं. कानशिलं तापली माझी.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात धावत आली. "अगं बये! तीन शिट्ट्यांत लोणी! कुठलं पाणी ते?"

मी सांगितलं. आणि टँकरचं पाणी कुठलं तेही सांगितलं. रोज तीन बाटल्या, तीन वेगळ्या बिल्डिंगींतल्या बायकांना. सेलिनाबाय स्वतः पाणी ओढून द्यायची. म्हणायची, "ने गे. त्या रमाकांताच्या घशात काटा जाऊ दे." जाताना मी रिक्षाने जायची, येताना बसने. काकांची सवय मला लागली होती.

महिनाभरात बिल्डिंगींतल्या बायका गेटवर उभ्या राहिल्या. टँकर आला की आधी एक पातेलं भरून घ्यायच्या, तिथेच स्टोव्हवर डाळ टाकायच्या. ती शिजेपर्यंत टँकर उभा. शिजली नाही की परत. एकीने केलं तसं दुसऱ्या बिल्डिंगीने केलं. त्याची माणसं त्या बायकांना काय करणार? त्या गावातल्या नव्हत्या, गिऱ्हाईक होत्या. आणि हे सगळं कुणी सुरू केलं ते रमाकांतशेठला कळत नव्हतं. तो भावोजींवर नजर ठेवून होता. मी त्याच्या टँकरशेजारून टोपली घेऊन जायची आणि तो माझ्याकडे बघायचाही नाही. त्या दिवसांत मला झोप फार छान लागायची.

श्रावण संपता संपता त्याने निरोप पाठवला, मिटवू या. काकांनी महिनाभर खपून कागद तयार केला. मोटर काढायची, विहिरीतून विक्रीला पाणी उपसायचं नाही, भावोजींवरची केस मागे घ्यायची. आपल्याकडून बायका गप्प बसतील. गावातले दोन वडीलधारे साक्षीला. बैठक आमच्या ओटीवर.

सकाळी काका माझ्याकडे आले. "ताई, सेलिनाबायकडचं पाणी आणून ठेवलंय ना? त्याला ते द्या, गुळाच्या खड्याबरोबर. हरलेल्या माणसाला एक वाट मोकळी ठेवायची. वाट नसली की तो उलटतो. आज आपल्याला त्याचा अंगठा पाहिजे, त्याचं नाक नको."

मी मान हलवली. खरंच तसंच करणार होते.

रमाकांतशेठ आला. ऊन पडलं होतं, घामाघूम झाला होता. ओटीवर बसला तो नेमका तिथे, जिथे त्या दिवशी ह्यांच्याभोवती ओल पसरली होती. हे आत माजघरात होते. त्यांना बाहेर या म्हटलं तर आले नव्हते. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

मी आत गेले. चुलीपाशी दोन कळशा. एकीत सेलिनाबायचं पाणी, दुसरीत आमच्या विहिरीचं, भांडी घासायला ठेवलेलं. मी तांब्या दुसरीत बुडवला.

ताटलीत गूळ आणि तांब्या घेऊन बाहेर आले. आमच्याकडे दारी आलेल्याने पाणी नाकारलं तर तो वैरी ठरतो, आणि तो तर वैर मिटवायला आला होता. त्याने घोट घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्याने काकांकडे बघितलं, वडीलधाऱ्यांकडे बघितलं. थुंकता येईना, गिळता येईना. गिळलं.

तांब्या खाली ठेवायला लागला तेव्हा मी बोलले. सगळ्या पुरुषांसमोर, मोठ्याने.

"पाणी पाहिजे ना? घ्या."

कोणीतरी फाटकापाशी हसलं. त्याला ते शब्द कुठले ते लगेच आठवले. त्याने तांब्या परत तोंडाला लावला आणि सगळा संपवला, माझ्याकडे बघत. मग उठला. कागद काकांच्या हातात तसाच राहिला. तो फाटकातून गेला.

वडीलधारे माझ्यावर भडकले. "काय केलंस गं हे? हातात आलेलं घालवलंस!" काकांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कोणी चुकलेल्या माणसाकडे बघतं तसं नाही. मग खोलीत गेले आणि पाटीतली वाळू सपाट केल्याचा आवाज आला.

रमाकांतशेठचा तुळिंजमधला धंदा बुडाला तो बुडालाच. पण मोटर त्याने काढली नाही. नुसत्या आकसाने रोज चालवायचा, पाणी गटारात सोडायचा. दोन वर्षांनी ती वाडी बिल्डरला विकून टाकली तेव्हा थांबली. भावोजी केसच्या तारखांना जात राहिले आणि वर्षभर माझ्या हातचं जेवले नाहीत. आमची विहीर पुन्हा गोडी झाली नाही. मोगरा गेला. केळी कशाबशा टिकल्या.

मला वाईट वाटतं का? विहिरीचं वाटतं. त्याचं नाही. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा त्याच कळशीत तांब्या बुडवीन. कारण त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली भरत होते, तेव्हा हे येऊन उभे राहिले. अंगात धुतलेला शर्ट. म्हणाले, "दे, मी जातो." आणि नाक्यावरून, त्या टँकरच्या जागेवरून, चालत गेले. काकांच्या पाटीत ह्या गोष्टीला काडी नव्हती.

काकांना पुढच्या वर्षी शुभांगी न्यायला आली. गुडघे धरायला लागले होते. सामान म्हणजे एक ट्रंक आणि मग. वाळू त्यांनी किनाऱ्यावर नेऊन ओतली, फळी आम्हाला दिली, तिच्यावर मी अजून पापड वाळवते. निघायच्या आधी ते आमच्या ओटीवर आले आणि पहिल्यांदाच दाराकडे पाठ करून बसले.

"ताई," म्हणाले, "त्या म्हातारीचा चेहरा मला आठवत नव्हता. पस्तीस वर्षं. चहाचा वाडगा आठवायचा, तिचे हात आठवायचे, चेहरा नाही. त्या दिवशी तुम्ही त्याच्यापुढे तांब्या धरलात, आणि आठवला."

मी आत गेले. त्यांच्यासाठी पहाटेच सेलिनाबायकडून पाणी आणून ठेवलं होतं. तांब्या भरला, गुळाचा खडा ठेवला, बाहेर आले. काका कुणाच्याही घरी पाणी पिण्याआधी ते उजेडात धरून बघायचे, वास घ्यायचे, मग एक छोटा घोट. शुभांगी त्यावरून त्यांना नेहमी चिडवायची.

त्यांनी तांब्या त्या तीन बोटांच्या हातात घेतला. पाण्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. विचारलंही नाही की कुठल्या कळशीतलं. मीही सांगितलं नाही.

मग त्यांनी तांब्या उंच धरला आणि वरून, एका दमात, तळापर्यंत प्यायले. तांब्या पालथा घालून ठेवला आणि फाटकाबाहेर गेले, ज्या वाटेने पहिल्या दिवशी आले होते त्याच वाटेने.